‘समाज’ म्हणजे ज्ञातीची वाडी नव्हे : बडोद्यातल्या वीस घरांवरून समाजशास्त्राचे मूळ शब्द

प्रश्न थोडक्यात असा : बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेतलं आहे. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. आत मराठी, बाहेर गुजराती. समाज, संस्कृती, दर्जा, भूमिका, संस्था यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण उदाहरण द्या म्हटलं की अडतं. त्यात आपल्याच वस्तीतल्या वीस मराठी घरांवर छोटा प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करावी आणि ‘आमची संस्कृती मराठी की गुजराती’ याचं उत्तर काय लिहावं?

तुमची अडचण व्याख्यांची नाही, शब्दांची आहे. समाजशास्त्राने आपले शब्द रोजच्या बोलण्यातूनच उचलले आणि त्यांना वेगळे अर्थ दिले. बडोद्यात कुणी ‘आमच्या समाजात हे चालत नाही’ म्हणालं, तर त्याच्या मनात त्याची ज्ञात, म्हणजे जात, असते. ‘समाजाची वाडी’ म्हणजे ज्ञातीने बांधलेला लग्नाचा हॉल. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला मात्र वाटतं, गावाबाहेरच्या एखाद्या वस्तीत लग्न आहे. ‘संस्कृती’ म्हटलं की शास्त्रीय गाणं आणि शुद्ध बोलणं डोळ्यांपुढे येतं. ‘संस्था’ म्हणजे नोंदणी झालेली, पावतीपुस्तक असलेली. ‘दर्जा’ असतो तो मालाचा. परीक्षेच्या पेपरात बहुतेक चुका इथे होतात : व्याख्या पुस्तकातली आणि उदाहरण बोलीभाषेतल्या अर्थाचं.

म्हणून आधी समाज आणि संस्कृती वेगळे करू. समाज म्हणजे माणसांमधल्या संबंधांची वीण : कोण, कुणाशी, कुठल्या नात्याने बांधलेला आहे. संस्कृती म्हणजे त्या संबंधांत कसं वागायचं, कशाचा अर्थ काय लावायचा, याचं शिकलेलं ज्ञान. सेव-उसळीची गाडी घ्या. गाडीवाला, त्याला वाटाणे पुरवणारा व्यापारी, पावाची बेकरी, परवाना देणारी महानगरपालिका, रोज येणारं गिऱ्हाईक, भांडी घासणारा पोरगा ही सगळी संबंधांची बाजू. तरी, म्हणजे उसळीचा तिखट रस्सा, पुन्हा मागितली तर तिचे पैसे लावायचे नाहीत, सेव आयत्या वेळी वरून घालायची, कांदा न मागता मिळायला हवा, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या ताटलीकडे टक लावून बघायचं नाही, ही संस्कृतीची बाजू. उद्या गाडीवाला बदलला, पोरगा दुसरा आला, तरी तरीचा नियम तोच राहतो. माणसं बदलूनही टिकतो तो भाग संस्कृतीचा. ही कसोटी कुठल्याही उदाहरणाला लावून बघा.

उसळ हा शब्द आणि पदार्थ मराठी, सेव गुजराती फरसाणाच्या दुकानातली, आणि दोन्हींचं मिळून झालेलं प्रकरण बडोद्याचं. एका गटाची गोष्ट दुसऱ्याने उचलून आपलीशी करणे याला सांस्कृतिक प्रसरण म्हणतात. यासाठी अमेरिकेची उदाहरणं पाठ करायची गरज नाही.

संस्कृतीची जुनी आणि अजून चालणारी व्याख्या टायलर या इंग्लिश मानवशास्त्रज्ञाची, १८७१ सालची. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर क्षमता व सवयी यांचं ते एक गुंतागुंतीचं साकल्य आहे, असं तो म्हणतो. यादी विसरलात तरी चालेल, दोन गोष्टी विसरू नका : ‘मिळवलेल्या’ आणि ‘समाजाचा घटक म्हणून’. भूक लागते ती शरीराची. नैवेद्य दाखवल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, ही संस्कृती. पुढे क्रोबर आणि क्लकहॉन यांनी १९५२ मध्ये संस्कृतीच्या १६४ व्याख्या गोळा केल्या. यावरून विषय किती निसरडा आहे ते कळतं. आणि पेपरात एकच व्याख्या नीट समजावणं चार व्याख्या ओतण्यापेक्षा बरं, हेही.

भौतिक आणि अभौतिक संस्कृती हा भेद सगळ्यांना येतो : वस्तू एका बाजूला, कल्पना, नियम, मूल्यं दुसऱ्या. पण वस्तू एका खान्यात आणि अर्थ दुसऱ्यात असं कधी होत नाही. नवरात्रातलं मडकं बघा. मराठी घरात घट बसतो : पत्रावळीवर माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर घट, रोजची माळ, शेजारी अखंड नंदादीप. गुजराती घरात गरबो येतो : भोकाभोकांचं मातीचं मडकं, आत दिवा. दोन्ही मातीचीच भांडी, दोन्हीपाशी दिवा, देवी आणि नऊ रात्री. एकीकडे मुख्य लक्ष उगवणाऱ्या धान्याकडे, दुसरीकडे मडक्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाकडे. भोंडल्यातही तसंच : पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखणं. गरब्यातही मध्ये काहीतरी आणि भोवती फेर. पण भोंडल्याची गाणी सासर-माहेरची, बायका-मुलींपुरती. गरबा मैदानात, स्त्री-पुरुष मिळून, रात्री उशिरापर्यंत. आकार सारखा म्हणून अर्थ सारखा, असं लिहिलंत की गुण जातात. आणि अर्थ वेगळे म्हणून दोन संस्कृती एकमेकींना शिवतच नाहीत असं लिहिलंत, तर वस्तुस्थिती जाते. संध्याकाळी घटाची आरती करून रात्री गरब्याला जाणारी मुलगी दोन्ही नियम बिनचूक पाळते, आणि कुठला कधी लावायचा हे तिला कुणी लिहून दिलेलं नसतं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नियम ओळखायचा कसा? ‘तुमच्याकडे काय नियम आहेत’ असं विचारलंत तर लोक सांगतात ते बहुधा मूल्य असतं : आम्ही मोठ्यांचा मान ठेवतो. मूल्य म्हणजे काय चांगलं याची ढोबळ कल्पना. नियम म्हणजे नेमक्या प्रसंगी नेमकं काय करायचं. नियम दिसतो तो मोडल्यावर. म्हणून प्रत्येक निरीक्षणाला तीन रकाने करा : काय मोडलं, कुणी पाहिलं, पुढे काय झालं. गरब्याच्या फेरात एखादा उलट दिशेने फिरला तर त्याला धक्के बसतात, दोन बायका हसतात, तिसरी हाताला धरून वळवते. हे सौम्य. चपला घालून कुणी मांडवाजवळ गेला तर आवाज चढतो. आणि बेस्तुं वरसला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी गुजराती शेजारी ‘साल मुबारक’ करायला आले असता दार उघडलंच नाही, तर त्या दिवशी कुणी काही बोलत नाही. पण पुढच्या वर्षी ते येत नाहीत. शिक्षा उशिरा आली, शब्दांशिवाय आली, तरी ती शिक्षाच. विद्यार्थी हा शेवटचा प्रकार नेहमी निसटू देतात, कारण तो एका दिवसात दिसत नाही.

त्याच पाडव्याचं आणखी एक. गुजराती कालगणनेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला विक्रम संवत बदलतो, म्हणजे नवं वर्ष. मराठी घराचं वर्ष चैत्रातल्या गुढीपाडव्याला उजाडतं, आणि कार्तिकातला पाडवा हा बायकोने नवऱ्याला ओवाळण्याचा. महिने दोघांचेही अमावास्येला संपणारे, तिथी तीच, अर्थ वेगळा. बडोद्यातलं मराठी घर त्या सकाळी ओवाळणीही करतं आणि शेजाऱ्यांसाठी फराळाची ताटंही भरून ठेवतं. प्रकल्पात हा दिवस तासागणिक लिहून काढलात, तर अर्धा विषय त्यातच येईल.

नियमांची उतरंड समनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये मांडली : लोकरीती मोडली तर लोक हसतात, लोकनीती मोडली तर लोक चिडतात. चमचा हवा की हात, ही लोकरीती. आईवडिलांना म्हातारपणी टाकणं ही लोकनीती मोडणं. कायदा तिसरा, कारण त्याची शिक्षा ठरलेली आणि ती देणारा माणूसही ठरलेला. कायदा आणि लोकनीती एकमेकांच्या आड आल्या की काय होतं याचं चांगलं उदाहरण आपल्याच संस्थानात आहे. बडोदा संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीचं वय किमान १२, मुलाचं १६. ब्रिटिश हिंदुस्थानातला सारडा कायदा १९२९ चा, म्हणजे बडोदा पंचवीस वर्षं पुढे होतं. पण लोक दंड भरून लग्नं लावत राहिले. लग्नाच्या खर्चात आणखी एक बाब वाढली, इतकंच. का? कायद्याची शिक्षा रुपयांत होती, आणि मुलगी घरात ‘राहिली’ तर ज्ञातीकडून होणारी शिक्षा अब्रूत होती. दोन शिक्षांपैकी जी जड, ती टाळली जाते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू करून १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेला. कायदा आणला की समाज बदलतो, किंवा कायद्याने काहीच होत नाही, अशी दोन्ही टोकाची वाक्यं पेपरात टाळा. कुठल्या शिक्षेचं वजन किती, हे लिहा.

एक सावधगिरी. गारफिंकेल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना मुद्दाम नियम मोडायला लावले होते : घरात पाहुण्यासारखं, अति औपचारिक वागा आणि घरचे काय करतात ते बघा. घरचे गोंधळले, चिडले, मुलांना बरं नाही का असं विचारू लागले. वाचायला मजा येते, पण हा प्रयोग वीस घरांत करू नका. ती माणसं तुम्हाला उद्याही भेटणार आहेत. चुकून मोडलेले नियम पुरेसे असतात. डोळे उघडे ठेवले तर आठवड्याला दहा सापडतात.

दर्जा आणि भूमिका. लिंटनने १९३६ मध्ये केलेला भेद : जन्माने चिकटतो तो अर्पित दर्जा, कष्टाने मिळतो तो अर्जित. भूमिका म्हणजे त्या दर्जाकडून अपेक्षित वागणूक. डॉक्टर, आई, सून, मंडळाची खजिनदार हे एकाच बाईचे चार दर्जे. आरतीच्या वेळेला दवाखान्यातून फोन आला तर होते ती ओढाताण भूमिकासंघर्षाची. इथवर सोपं आहे. अवघड प्रश्न असा : एका माणसाचे दोन दर्जे विरुद्ध दिशेला ओढतात तेव्हा लोक कुठला पाहतात?

याचं उत्तर बडोद्याच्याच इतिहासात आहे. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, लंडनमध्ये शिकू लागले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. अर्जित दर्जा पाहिला तर त्या कचेरीत त्यांच्याइतका शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. शिपाई मात्र फाइली लांबूनच टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी तिथूनही बाहेर काढलं. जाण्याआधीचे काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले. तिथली जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. एक दर्जा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो तेव्हा त्याला प्रधान दर्जा म्हणतात. हे उदाहरण लिहिताना एक चूक होते : ‘लोक अडाणी होते’ असं कारण दिलं जातं. धर्मशाळेतून काढणारे अडाणी नव्हते, शिपाईही वैयक्तिक वैरी नव्हते. प्रत्येक जण एक नियम पाळत होता, आणि तो न पाळल्यास आपल्यालाच आपल्या लोकांकडून शिक्षा होईल हे त्याला ठाऊक होतं. डर्कहाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये ‘सामाजिक तथ्य’ म्हटलं ते हेच : व्यक्तीच्या बाहेर असणारं आणि तिच्यावर दाब आणणारं. महाराजांची शिष्यवृत्ती हाही एक सामाजिक दाबच होता, उलट दिशेचा. तो कचेरीच्या दारात संपला.

संस्था आणि मंडळ यांबद्दल फार लांबवत नाही. गणेशोत्सव मंडळ ही संस्था नव्हे, ते मंडळ : ठरावीक हेतू, सभासद, वर्गणी, बरखास्तही करता येतं. विवाह ही सामाजिक संस्था : तिला अध्यक्ष नाही, कार्यालय नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही, पण कुणाशी, कसं, काय देऊन-घेऊन लग्न करायचं याचे नियम पक्के. कुटुंब, धर्म, मालमत्ता, शिक्षण या अशाच संस्था. समुदाय वेगळा : एका जागी राहणारी, आपण एक आहोत असं वाटणारी माणसं. पोळ, म्हणजे जुन्या शहरातली दरवाजा असलेली गल्ली, हे त्याचं चांगलं उदाहरण होतं, कारण दरवाजा एक आणि सुतक-सोयर सगळ्यांना कळायचं. अलकापुरीतल्या अपार्टमेंटमध्ये तेवढं धरून चालू नका, जाऊन बघा.

प्राथमिक आणि दुय्यम समूहाबाबत एवढंच : कूलीने १९०९ मध्ये कुटुंब, खेळगडी आणि शेजार यांना प्राथमिक म्हटलं ते जवळीक आणि समोरासमोरच्या संबंधामुळे, आकारामुळे नव्हे. चार जणांची समिती दुय्यम असू शकते.

नातेसंबंधांच्या प्रश्नाला मात्र वेळ द्या. वीस घरांतला सगळ्यांत चांगला माल तिथे मिळतो. घरातल्या सत्तरीपुढच्या बाईला विचारा, सासऱ्यांना काय म्हणत होतात? ‘मामंजी’ हे उत्तर मिळण्याचा संभव मोठा. सासूला? ‘आत्याबाई’. आता विचार करा, नवऱ्याच्या वडिलांना मामा आणि आईला आत्या का म्हणायचं? मामाच्या मुलाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं तरच सासरे मामा होतात किंवा सासू आत्या होते. मराठा, देशस्थ ऋग्वेदी आणि इतर अनेक जातींत मुलाने मामेबहिणीशी लग्न करणं चालतं. आतेबहिणीशी सहसा नाही. कोकणस्थांत दोन्ही नाही. आत्याच्या नवऱ्यालाही मराठीत मामा म्हणतात, म्हणजे दोन्ही शब्द मामेबहिणीशी लग्न करण्याच्या पद्धतीची खूण आहेत. बहुतेक गुजराती ज्ञातींत असं लग्न चालत नाही, आणि तिकडे फोई (आत्या), फुआ (आत्याचा नवरा), मासा (मावशीचा नवरा) अशी वेगवेगळी नावं असतात; सासरा मामा होत नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतीय नातेव्यवस्थेचे भौगोलिक विभाग पाडले तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही मधल्या पट्ट्यात ठेवले, उत्तरेची बंदी आणि दक्षिणेची पसंती यांच्या सीमेवर. ती सीमा तुमच्या गल्लीतून जाते, असं म्हणायला हरकत नाही.

इथे घसरायची जागा आहे. ‘मामंजी’ म्हणणाऱ्या घरात मामेबहिणीशी लग्न झालेलं असेलच असं नाही. कोकणस्थ घरातही हा शब्द ऐकू येतो. शब्द प्रथेपेक्षा जास्त जगतात. त्यामुळे एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात घरातली प्रत्यक्ष लग्नं, आजी-आजोबांपासून खाली, आणि दोन्हींची गल्लत नको.

आता वीस घरं. पहिली अडचण : घर म्हणजे काय? जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं. हा घटक चुलीवरून ठरतो. नात्याने एक असलेलं कुटुंब वेगळं. हा भेद ए. एम. शहांनी गुजरातच्या संदर्भात १९७३ मध्ये सविस्तर मांडला, आणि तो कळला नाही तर सगळी आकडेमोड फसते. ‘तुम्ही संयुक्त कुटुंबात राहता का?’ हा प्रश्न यादीतून काढून टाका. धाकटा भाऊ वाघोडिया रोडला, मधला कॅनडात, तरी घरचे ‘हो, आमचं एकत्र आहे’ म्हणणार, कारण त्यांच्या लेखी एकत्र असणं चुलीचं नसून मनाचं आणि मालमत्तेचं आहे. ते खोटं बोलत नसतात. तुम्ही चुकीचं विचारलेलं असतं. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावातल्या कुटुंबांच्या अभ्यासात संयुक्तपणा आहे की नाही असं न विचारता तो किती, हे मोजलं : नुसती एकमेकांना मदत, सामाईक मालमत्ता, दोन पिढ्या एकत्र राहणं, तीन पिढ्या एकत्र राहणं अशा चढत्या पायऱ्या. तुम्हीही तसंच करा. विचारायचे प्रश्न साधे आहेत. काल रात्री या स्वयंपाकघरातून कोण कोण जेवलं? घर कुणाच्या नावावर आहे? बाहेर असलेल्या कुणाचे पैसे नियमित येतात? गणपती कुठल्या भावाकडे बसतो आणि तेव्हा कोण कोण येतं? गेल्या आजारपणात रात्री कोण थांबलं? पाच उत्तरांवरून पायरी तुम्ही ठरवायची, त्यांनी नाही.

घरं निवडताना ओळखीच्यांकडून ओळखीच्यांकडे गेलात तर वीसच्या वीस घरं एकाच जातीची, एकाच मंडळाची निघतील, आणि तुम्ही लिहाल की ‘बडोद्यातले मराठी लोक असे असतात’. दोन-तीन गल्ल्या ठरवा, मराठी घरांची आधी यादी करा, साठ निघाली तर प्रत्येक तिसरं घर घ्या. दार बंद असेल तर दोनदा परत जा. लगेच शेजारचं घर घेतलं तर दिवसभर कुणीतरी घरी असणारीच घरं जमतात आणि दोघंही नोकरी करणारी जोडपी गळतात. खरी यादी सुरू करण्याआधी दोन घरांवर प्रश्न तपासून पाहा आणि ती दोन वीसमध्ये धरू नका. एका घराला पाऊण तास पुरतो. त्याहून जास्त बसलात तर चहा दुसऱ्यांदा येतो आणि उत्तरं तुमच्या मनासारखी व्हायला लागतात. टिपण त्याच रात्री सविस्तर लिहा. शक्य तर आजी आणि सून यांना वेगवेगळं भेटा. एकत्र बसल्या तर उत्तर एकीचंच मिळतं. आणि वीस घरांचे टक्के काढू नका. ‘३५ टक्के’ म्हणण्यापेक्षा ‘२० पैकी ७’ प्रामाणिक आहे.

मराठी की गुजराती, हा प्रश्न भाषेच्या तक्त्याने सोडवायला घ्या. आडव्या ओळीत माणसं : आजी, आई, भावंडं, शेजारी, भाजीवाली, देव. उभ्या ओळीत कामं : गप्पा, हिशेब, रागावणं, फोनवर संदेश, प्रार्थना. प्रत्येक चौकटीत भाषा लिहा. मनातल्या मनात आकडे कुठल्या भाषेत मोजता आणि राग आला की तोंडातून काय निघतं, हे दोन प्रश्न विसरू नका. लोक मातृभाषा सांगताना विचार करून सांगतात, हिशेब करताना विचार करत नाहीत. खिडकीला ‘बारी’ आणि गच्चीला ‘धाबं’ म्हणतात का, तेही कान देऊन ऐका, पण ‘तुम्ही गुजराती शब्द वापरता का’ असं विचारू नका, लगेच शुद्ध मराठी सुरू होईल. तीन पिढ्यांचा क्रम बऱ्याच स्थलांतरित गटांत दिसतो : आजोबा लिहितात-वाचतात, आई बोलते, मुलाला समजतं पण उत्तर दुसऱ्या भाषेत येतं. बडोद्यात या क्रमाला खोडा घालणारी एक गोष्ट आहे : हिंदीमुळे देवनागरी लिपी मुलांना येते, म्हणून बोलणं कमी झालं तरी वाचण्याची वाट पूर्ण बंद होत नाही. हे तपासून बघण्यासारखं आहे.

रेडफिल्ड, लिंटन आणि हर्स्कोविट्स यांनी १९३६ मध्ये संस्कृतिसंक्रमणाची, म्हणजे दोन गट सतत संपर्कात आल्याने होणाऱ्या सांस्कृतिक बदलाची, व्याख्या केली तेव्हा दोन्ही गटांत होणारा बदल धरला होता, फक्त लहान गटातला नाही. म्हणून मराठी घरं किती गुजराती झाली एवढंच मोजू नका. शेजारच्या गुजराती घराने काय उचललं तेही विचारा. दोन संस्कृतींपैकी एक निवडा, असा हा प्रश्न नाही. सात्मीकरण म्हणजे एक गट दुसऱ्यात पूर्ण मिसळणं; नोंदी बघून तसं झालंय असं दिसलं तरच तो शब्द वापरा. आणि ‘संस्कृतीकरण’ हा शब्द इथे चुकूनही नको. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘संस्कृती शिकणं’ असा करतात. त्याला सामाजिकीकरण म्हणतात. संस्कृतीकरण म्हणजे खालच्या मानल्या गेलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार, कर्मकांड, खाण्यापिण्याचे नियम उचलून आपलं स्थान वर नेण्याचा प्रयत्न करणं. ही कल्पना एम. एन. श्रीनिवास यांची, कूर्गमधल्या त्यांच्या अभ्यासातली, १९५२ ची. त्या वेळी ते बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. या शहरात हा शब्द चुकीचा वापरला की परीक्षकाला जरा जास्तच टोचतं.

बदल कुठे अडतो ते शोधायचं असेल तर हळदीकुंकवाची वेळ विचारा. वस्तू आणि तंत्र आधी बदलतात, नियम मागून रखडत येतात, याला ऑगबर्नने १९२२ मध्ये सांस्कृतिक विलंब म्हटलं. घरातल्या बायका संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात, पण बोलावणं अजून ‘चार ते सहा’चं. काही घरं रविवारी ठेवतात, काही एकाच संध्याकाळी पाच घरांचं मिळून करतात, काहींकडे फक्त सासूबाई येतात. कुठला मार्ग कुणी काढला आणि त्यावर कोण कुरकुरलं, हे वर सांगितलेल्या तीन रकान्यांत आपोआप बसतं.

शेवटची गोष्ट अहवाल लिहिण्याआधीची. नावं काढून ‘घर क्रमांक ७’ लिहिलं म्हणजे झालं, असं नाही. तीन भाऊ, एक कॅनडात, घर वडिलांच्या नावावर, मधल्या सुनेचं हळदीकुंकवावरून वाजलं, एवढं वाचलं की गल्लीतला कुणीही ते घर ओळखेल. देशाऐवजी ‘परदेशात’ लिहा, दोन घरांचे तपशील एकत्र मांडा, भांडणाचा भाग सगळ्या घरांचा मिळून ढोबळपणे सांगा. मूळ टिपणवह्या घरी ठेवा, आणि कॉलेजात फक्त तक्ते द्या.